बुडी मारणारं बदक आणि कोमोडो ड्रॅगन: तुलना करायचीच तर नीट करू

शेवाळं (धागाकर्ता)

वाघ भारी की सिंह, हा वाद मला कधीच फारसा रंगलेला दिसला नाही. दोघं एकाच कुळातले, हत्यारं तीच, फरक झाला तर उन्नीस-बीसचा. तुलना करायची तर जरा लांबची जोडी घ्यावी. मी घेतोय शेंडी बदक आणि कोमोडो ड्रॅगन.

शेंडी बदक युरोप-आशियाच्या उत्तर भागात वीण करतं, हिवाळ्यात दक्षिणेला उतरतं आणि बुडी मारून तळाचं खातं. नर काळा-पांढरा, डोळा पिवळा, डोक्यामागे लोंबती शेंडी. वजन पाऊण किलो, फार तर किलोभर. कोमोडो ही जगातली सर्वांत मोठी घोरपड, आणि म्हणूनच पाली-सरड्यांच्या सगळ्या गटातला सर्वांत मोठा जिवंत प्राणी. मोठा नर अडीच-तीन मीटर लांब, ७० किलोच्या आसपास. नोंद झालेला सर्वांत मोठा ३.१३ मीटर आणि १६६ किलो होता, पण त्या वजनात पोटातलं न पचलेलं जेवणही धरलेलं होतं. १६६ चा आकडा सगळे मिरवतात, जेवणाचा उल्लेख मात्र गाळतात.

माझं म्हणणं असं. दात, नखं, विष सगळं क्षणभर बाजूला ठेवा आणि दोघांच्या अन्नाचा जमाखर्च बघा. बदक उष्ण रक्ताचं. थंड पाण्यात उतरून थंड अन्न खातं आणि अंग मात्र चाळीस अंशांच्या घरात ठेवतं. आज मिळवलं नाही तर उद्याची पंचाईत. कोमोडो एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो आणि मग आठवडेच्या आठवडे त्यावर काढतो. शरीराची ठेवण, श्वास, पिल्लं, अगदी उपासमारीत काय होतं तेही, मला सगळं या एकाच फरकातून निघताना दिसतं. पटत नसेल तर खोडून काढा.

रिकामटेकडा

एका घासात खेळ खलास. कोमोडो विजयी. धाग्याला कुलूप लावा.

जलपर्णी

घास घ्यायला आधी गाठ पडायला हवी ना!

कोमोडो इंडोनेशियातल्या मोजक्या बेटांवर आहे: कोमोडो, रिंचा, गिली मोतांग, नुसा कोदे आणि फ्लोरेसचा काही भाग. कोरडी गवताळ टेकाडं, ताडाची झाडं, किनाऱ्याला खारफुटी. बुडी मारणाऱ्या बदकाला लागतं तसं मोकळं, थोडं खोल, तळाशी शिंपले किंवा पाणवनस्पती असलेलं गोडं पाणी तिथे जवळजवळ नाहीच. शेंडी बदकाचा हिवाळी मुक्काम इतक्या दक्षिणेला सहसा येत नाही. त्याचा ऑस्ट्रेलियातला भाऊबंद हार्डहेड भटकत इंडोनेशिया आणि न्यू गिनीपर्यंत जातो, पण तोही कोमोडोच्या ताटात नेमाने येणारा पक्षी नव्हे. मोठ्या कोमोडोचं खरं खाणं म्हणजे रुसा हरीण, रानडुक्कर आणि म्हैस.

अवांतर: स्थानिक लोकांना हा प्राणी अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. विज्ञानाच्या दप्तरी त्याची नोंद झाली ती १९१२ मध्ये, जावातल्या बोगोरच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे संचालक पीटर ओवेन्स यांच्याकडून. एवढं मोठं जनावर इतक्या उशिरा कागदावर आलं, याचं मला अजून नवल वाटतं.

ताम्रपट

शेवाळं, तुमचा जमाखर्चाचा मुद्दा मान्य. पण 'उष्ण रक्ताचं खर्चिक यंत्र विरुद्ध थंड रक्ताचं काटकसरी यंत्र' असे दोन कप्पे केलेत की घोरपडी त्यांत बसत नाहीत. आणि गंमत म्हणजे त्या सरकतात त्या पक्ष्यांच्याच दिशेने.

आधी पक्ष्याचं फुफ्फुस. आपण हवा आत घेतो आणि आल्या वाटेने बाहेर सोडतो. पक्ष्याचं फुफ्फुस फुगत-आकसत नाही. त्याला जोडलेल्या हवेच्या पिशव्या हवा ढकलतात आणि फुफ्फुसातल्या नळ्यांमधून हवा एकाच दिशेने वाहत राहते, श्वास घेतानाही आणि सोडतानाही. हे उड्डाणासाठी घडलेलं खास पक्ष्यांचं वैशिष्ट्य, असं पुष्कळ काळ पुस्तकांत छापलं जायचं. २०१० मध्ये युटा विद्यापीठातल्या कॉलीन फार्मर आणि केंट सँडर्स यांनी दाखवलं की अॅलिगेटरच्या फुफ्फुसातही हवा एकाच दिशेने जाते. तोवर ठीक होतं, मगरी तशाही पक्ष्यांच्या नात्यातल्या. मग त्याच विद्यापीठातल्या एमा शाखनर आणि सहकाऱ्यांचं काम आलं (छापील अंक २०१४ चा), आणि प्राणी होता आफ्रिकेतली सॅव्हाना घोरपड. तिच्या फुफ्फुसातही बऱ्याच भागात तोच प्रकार, आणि झडप वगैरे काही नसताना. नळ्यांची मांडणीच अशी की हवा आपसूक त्या वाटेने जाते.

दुसरी गोष्ट पळण्याची. बहुतेक सरडे पळताना नीट श्वास घेऊ शकत नाहीत. अंग डावी-उजवीकडे वळवणारे आणि फासळ्या हलवणारे स्नायू तेच, म्हणून थोडं पळायचं, थांबायचं, दम खायचा. घोरपडी यातून वाट काढतात ती गळ्याने. गळा फुगवून हवा फुफ्फुसात ढकलतात. १९९९ च्या एका प्रयोगात हे गळ्याचं पंपिंग अडवलं, तेव्हा घोरपडीचीही बाकीच्या सरड्यांसारखीच अडचण झाली.

हृदयाचंही तसंच. रचनेने पक्ष्यांसारखे चार कप्पे नाहीत, पण ठोका पडताना घोरपडीच्या हृदयात शरीराकडचा उच्च दाब आणि फुफ्फुसाकडचा कमी दाब वेगळे राखले जातात. २०१९ मध्ये कोमोडोचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडा, प्रसिद्ध झाला, त्यातही पेशीतल्या ऊर्जानिर्मितीशी संबंधित जनुकांवर नैसर्गिक निवडीच्या खुणा सापडल्या.

म्हणजे तुमचा कोमोडो काटकसरी खरा, पण गरज पडली की हात सैल सोडणारा.

उपद्व्यापी

ताम्रपट, प्रतिसाद झकास. एकच टोचणी: श्वासाचे दोन्ही प्रयोग सॅव्हाना घोरपडीवरचे. कोमोडोवर तेच लागू आहे असं गृहीत धरून पुढे जाताय.

शिवाय एकदिश हवेचं घोरपडीचं म्हणून काही कौतुक नको. नंतर हिरव्या इग्वानातही तेच सापडलं, आणि इग्वाना म्हणजे पानं खाऊन फांदीवर पडून राहणारा गडी. चपळाईसाठी ही रचना आली, हा युक्तिवाद तिथेच लंगडा पडतो.

ताम्रपट

इग्वानामुळेच तर प्रश्न रंगतदार झाला. एक तर ही रचना सरडे, मगरी आणि पक्षी यांच्या सामाईक पूर्वजाकडे आधीच होती, नाही तर वेगवेगळ्या शाखांत ती वेगवेगळी घडली. पहिलं खरं असेल तर बदकाला मिळालेलं फुफ्फुस हे उडण्याच्या कितीतरी कोटी वर्षं आधीचं वाडवडिलार्जित आहे. सरड्यांची शाखा आणि मगरी-पक्ष्यांची शाखा वेगळ्या झाल्या त्याला २५ कोटींहून जास्त वर्षं झाली.

सॅव्हाना घोरपड आणि कोमोडो एकाच वंशातले. त्या वंशाची फुफ्फुसं सगळीकडे एकाच धाटणीची दिसतात, त्यामुळे मी ते गृहीत धरायला बिचकणार नाही. तुम्ही बिचका, हरकत नाही.

मोरपंखी

बदकाकडे कुणी बघतच नाहीये. पाण्याखाली काय चालतं ते लिहिते.

सगळी बदकं बुडी मारत नाहीत. पाण्यावर शेपूट वर करून डोकं खाली घालणारी वेगळी. शेंडी बदक, लालसरी, कॅनव्हासबॅक, स्कॉप ही पूर्ण आत जाणारी मंडळी. त्यांचे पाय शरीराच्या बरेच मागे, पंजे मोठे. पाण्याखाली ढकलायला उत्तम, जमिनीवर चालायला हास्यास्पद. शरीराच्या मानाने पंख लहान, म्हणून थेट वर झेप घेता येत नाही, पाण्यावरून धावत जाऊन उडावं लागतं.

आता यांची खरी अडचण ऐका, आणि ती ताम्रपट यांच्या फुफ्फुसाशीच जोडलेली आहे. हवेच्या पिशव्या आणि पिसांत अडकलेली हवा, दोन्ही बदकाला वर ढकलतात. ज्या हवेतून ऑक्सिजन मिळतो आणि ज्या हवेमुळे अंग उबदार राहतं, तीच खाली जाऊ देत नाही. बुडी मारण्याआधी बदक पिसं अंगाशी घट्ट आवळतं, थोडी हवा बाहेर काढतं, छोटीशी उसळी घेऊन डोकं खाली घालतं. तरी उथळ पाण्यात तळाशी टिकून राहण्यासाठी पाय सतत मारावेच लागतात. थांबलं की काही न करता वर. खोल गेलं तर दाबाने हवा आकसते आणि वर ढकलणारा जोर कमी होतो. दहा मीटरवर हवेचं आकारमान निम्म्यावर येतं. म्हणजे वरचे पहिले काही मीटरच सर्वांत कष्टाचे, आणि शेंडी बदकाचं बरंचसं आयुष्य जातं ते नेमकं त्याच काही मीटरांत.

बर्मिंगहॅम विद्यापीठात पॅट बटलर आणि टोनी वोक्स यांनी शेंडी बदकांच्या अंगात छोटे रेडिओ प्रक्षेपक बसवून हृदयाचे ठोके मोजले. त्याआधीचे बरेचसे प्रयोग बदकाचं डोकं जबरदस्तीने पाण्यात बुडवून केलेले. त्यात ठोके एकदम कोसळतात, म्हणून 'बुडी म्हणजे हृदय मंदावणं' असं समीकरण रूढ झालं होतं. स्वतःच्या मर्जीने बुडणाऱ्या बदकात चित्र निराळं निघालं. बुडण्याआधी ठोके वाढतात, आत शिरताना उतरतात, आणि मग जवळपास विश्रांतीच्या पातळीवर स्थिरावतात. पाय जोरात मारायचे आहेत, त्यांना रक्त द्यायलाच हवं. पण वर यायची वाट बंद आहे असं बदकाच्या लक्षात आलं, की मात्र ठोके खरोखर कोसळतात. म्हणजे पुस्तकातली जी 'नैसर्गिक प्रतिक्रिया' होती, ती प्रत्यक्षात घाबरलेल्या, अडकलेल्या बदकाची होती.

बुड्या असतात किती वेळाच्या, तर २० सेकंदांच्या आसपास. वर येऊन दम घ्यायचा, पुन्हा आत. दिवसभर. कित्येकदा रात्रभरसुद्धा.

रिकामटेकडा

२० सेकंद?! एवढ्यात मला मोबाईल सापडत नाही.

मोरपंखी

लांब शेपटीचं समुद्री बदक ६० मीटरपर्यंत खोल जातं, मासेमारीच्या जाळ्यांत अडकलेल्या पक्ष्यांवरून ते कळलंय. ती जात पाण्याखाली पंखही वापरते. शेंडी बदक फक्त पाय.

सुगरण

मला खाण्यात रस आहे, त्यामुळे खाण्याचं लिहिते.

चोच ही निर्जीव ढलपी वाटते, पण बदकाच्या चोचीचं टोक स्पर्शाच्या बाबतीत विलक्षण तिखट असतं. तिथे स्पर्श आणि कंपनं टिपणाऱ्या सूक्ष्म संवेदकांची दाटी असते. म्हणूनच गढूळ पाण्यात, अंधारात, चिखलात चोच खुपसून शिंपला कोणता आणि खडा कोणता हे कळतं. मासे पकडणाऱ्या मर्गांझर बदकांचं तंत्र वेगळं. ती डोळ्यांवर चालतात. पाण्यात गेल्यावर डोळ्याचं भिंग बाहुलीतून पुढे दाबलं जाऊन जास्त फुगीर होतं, त्यामुळे तिथेही स्पष्ट दिसतं. चोचीच्या कडांना करवतीसारखे दाते, पण ते दात नव्हेत.

कोमोडोचं उलट. त्याच्या जिभेचं टोक महत्त्वाचं, तेही स्पर्शासाठी नव्हे, वासासाठी. दुभंगलेली जीभ हवेतले कण गोळा करते आणि टाळूतल्या इंद्रियाला पोचवते. डाव्या आणि उजव्या टोकाला कमी-जास्त वास आला की दिशा ठरते. काही किलोमीटरवरचं मेलेलं जनावर तो असं शोधून काढतो.

दात सुमारे ६०, मागे वळलेले, कडा दातेरी, आणि सतत नवे येणारे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की या दातांच्या कडांवर आणि टोकांवर लोहाचा नारिंगी थर असतो. जबड्याची पकड मात्र तेवढ्याच मगरीच्या तुलनेत फार कमजोर. तो चावून चिरडत नाही. दात रुतवतो आणि मानेच्या जोरावर मागे ओढतो, मांस फाटत येतं.

चावणं बदकालाही माहीत नाही. शेंडी बदक शिंपला अख्खा गिळतं, लहान असेल तर पाण्याखालीच, आणि फोडायचं काम पोटातल्या स्नायूंच्या जाड पेषणीवर सोपवतं. कवचासकट. आता शेवाळं यांच्या हिशेबाची गोष्ट: नेदरलँड्समधल्या आयसलमेअर सरोवरावर हिवाळ्यात झेब्रा शिंपल्यांवर जगणारी शेंडी बदकांचे थवेच्या थवे जमायचे. तो शिंपला म्हणजे बराचसा भाग कवच आणि पाणी. सगळं बर्फागत गार. ते पोटात गेल्यावर अंगाच्या तापमानाला आणायला ऊर्जा लागते, ती शिंपल्यातल्या टिचभर मांसातूनच वजा होते.

कोमोडोला मांस गरम करायची चिंता नाही, पण उन्हाची आहे. भरल्या पोटी ऊन मिळालं नाही तर पचन रखडतं. शिंगं, केस, दात पचत नाहीत. ते गोळा होऊन चिकट, भयानक दुर्गंधी येणाऱ्या गुंडाळीत बाहेर टाकले जातात. वर्णन करणाऱ्यांनी लिहिलंय की त्यानंतर तो तोंड मातीवर घासतो. त्यालाही तो वास आवडत नसावा.

अडाणी_विद्वान

लाळेतल्या जंतूंबद्दल कुणीच कसं बोललं नाही? चावतो, सोडून देतो, जंतुसंसर्गाने शिकार मरते, हा मागोवा घेत जातो. शाळेपासून हेच ऐकलंय.

उपद्व्यापी

ते आता सोडून द्या. सरीसृपतज्ज्ञ वॉल्टर ऑफेनबर्ग यांनी कोमोडो बेटावर राहून केलेलं काम थोर आहे, पण त्यांची ही जंतूंची कल्पना पुढे टिकली नाही. २००९ मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी खालच्या जबड्यातल्या विषग्रंथी दाखवल्या. त्या स्रावाने रक्त गोठत नाही आणि रक्तदाब उतरतो. २०१३ मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या कोमोडोंच्या तोंडातले जंतू तपासले, तर इतर मांसाहारी प्राण्यांपेक्षा निराळं काही नव्हतं.

मग म्हशींना संसर्ग का व्हायचा? म्हैस त्या बेटांवर माणसाने आणलेली. जखमी झाली की ती सवयीने पाण्यात जाऊन बसते, आणि तिथलं पाणी म्हणजे शेणाने भरलेलं डबकं. हरीण आणि डुक्कर या भानगडीत पडत नाहीत. ते बहुतेकदा रक्तस्रावाने, जागच्या जागीच मरतात.

आणि विषाचंही अती करू नका. एवढा मोठा, दातेरी जबड्याचा प्राणी मानेला हिसका देतो तेव्हा त्यात विषाचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. माझं मत विचाराल तर वाटा दुय्यम.

जलपर्णी

पिल्लांबद्दल एक मुद्दा, शेवाळं यांच्या विरोधात जाणारा.

शेंडी बदकाची मादी ८ ते ११ अंडी घालते, जवळपास २५ दिवस उबवते. पिल्लं अंड्यातून निघाली की दिवसाभरात पाण्यात, आणि खाणं पहिल्यापासून स्वतःचं स्वतः. आई भरवत नाही, फक्त राखण करते. कोमोडोची मादी २० च्या आसपास अंडी घालते, पुष्कळदा मेगापोड पक्ष्याने रचून सोडलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात. अंडी सात-आठ महिने तशीच. पिल्लं बाहेर आली की लगेच झाडावर पळतात, कारण खाली असलेले मोठे कोमोडो त्यांना खातात. आई त्याला अपवाद असेलच असं नाही. पहिली काही वर्षं झाडावर पाली, किडे आणि छोटे पक्षी यांच्यावर निघतात.

म्हणजे पिल्लाला आयतं न देण्याच्या बाबतीत दोघं सारखेच कडक. उष्ण-थंड रक्ताचा इथे काय संबंध?

शेवाळं

संबंध आहे. अंडं २५ दिवसांत फुटतं ते कशाच्या जोरावर? आईने अंगाची ऊब खर्च केली म्हणून. कोमोडोचं अंडं जमिनीच्या उबेवर, फुकटात, पण सात-आठ महिने. बदक वेळ विकत घेतं. आणि पिल्लू ४५-५० दिवसांत उडायला लागतं, तर कोमोडोला वयात यायला आठ-नऊ वर्षं.

ताम्रपट

अंड्यांचा विषय निघालाच आहे तर हेही. इंग्लंडमधल्या चेस्टर आणि लंडन इथल्या प्राणिसंग्रहालयांत कोमोडो माद्यांनी नराशिवाय पिल्लं धरणारी अंडी घातल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. जनुकीय तपासणीत बापाचा अंशही निघाला नाही. चेस्टरच्या मादीचा तर नराशी कधीच संबंध आलेला नव्हता.

बदकाशी याचं नातं असं की घोरपड आणि पक्षी दोघांतही लिंग ठरवण्याची पद्धत आपल्या उलट आहे. आपल्यात दोन वेगळी गुणसूत्रं नराकडे, त्यांच्यात मादीकडे: एक झेड, एक डब्ल्यू. मादीने एकटीने अंडं तयार केलं आणि गुणसूत्रं दुप्पट झाली, तर दोन झेड किंवा दोन डब्ल्यू. दोन डब्ल्यू जगत नाही. उरतो दोन झेड, म्हणजे नर. म्हणून एकट्या मादीची सगळी पिल्लं नर. पोहत एखाद्या बेटावर पोचलेल्या एकाकी मादीला यातून पुढे वंश चालवता येऊ शकतो, निदान कागदावर तरी.

पक्ष्यांतही हे घडतं. टर्कीमध्ये ते १९५० च्या दशकापासून माहीत आहे, आणि २०२१ मध्ये कॅलिफोर्निया काँडॉरची दोन पिल्लं बापाशिवाय जन्मल्याचं प्रसिद्ध झालं. दोन्ही नर. त्यांच्या आयांजवळ पिंजऱ्यात नर हजर असताना!

अडाणी_विद्वान

नरांनी यावर काय प्रतिक्रिया दिली ते छापलंय का कुठे?

शेवाळं

मूळ मुद्द्यावर येतो, कारण मला ज्यासाठी धागा काढायचा होता ते अजून लिहिलंच नाही. अन्न कमी पडलं की काय होतं?

कोमोडोचं उत्तर गिली मोतांग बेटावर आहे. बेट लहान, हरणं थोडी. तिथले कोमोडो मोठ्या बेटांवरच्या कोमोडोंपेक्षा कितीतरी लहान. बेटावर शिकार किती दाट आहे आणि तिथला सर्वांत मोठा कोमोडो केवढा, या दोन गोष्टी हातात हात घालून जातात. अन्न आटलं की हा प्राणी देहच आटवतो. वाढ मंदावते, भूक मंदावते, वाट बघता येते. पण हेही अमर्याद नाही. २०२१ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' वरून 'संकटग्रस्त' अशी बदलली. प्रौढ सुमारे १४०० उरलेत आणि समुद्राची पातळी वाढली की सखल अधिवास जाणार. पोहता येतं त्यांना, पण अभ्यासात दिसलंय की हे सहसा आपली दरी सोडून हलत नाहीत.

बदकाचं उत्तर मादागास्करमध्ये आहे. मादागास्कर पोचार्ड, शेंडी बदकाचा जवळचा भाईबंद. १९९१ नंतर दिसलाच नाही, संपला असं मानलं गेलं. २००६ मध्ये उत्तरेकडच्या एका दुर्गम ज्वालामुखी सरोवरात, मात्साबोरिमेना इथे, जेमतेम वीस-बावीस पक्षी सापडले. आनंदीआनंद झाला. पण माद्या अंडी घालत होत्या, पिल्लं निघत होती, आणि काही आठवड्यांत जवळपास सगळी मरत होती. शिकारी प्राणी नाहीत, रोग नाही. सरोवर फार खोल, काठ सरळ उतरणारे. प्रौढ बदक तळापर्यंत पोचतं. पिल्लाचं अंग हलकं, पिसांत हवा, पाय दुबळे. मोरपंखी यांनी लिहिलेलं सगळं गणित इथे पिल्लाच्या विरुद्ध जातं. अन्न आहे, ते खाली दिसतंही असेल, पण खाली जायचा खर्च मिळकतीपेक्षा जास्त. पिल्लं उपाशी मरत होती.

मोतांगचा कोमोडो अशा जागी खुजा होऊन जगला असता. बदकाच्या पिल्लाकडे खुजं होऊन जगायची सोयच नाही. त्याच्या अंगातली शेगडी कमी करता येत नाही. माझा मुद्दा हा होता.

मोरपंखी

अंगावर आलं वाचताना. मग त्या पोचार्डचं पुढे काय झालं?

सुगरण

अंडी काढून आणून बंदिस्त जागेत वाढवली. वन्यजीव वाचवण्याचं काम करणारी ड्युरेल संस्था आणि ब्रिटनमधली पाणपक्ष्यांसाठी काम करणारी डब्ल्यूडब्ल्यूटी यांनी स्थानिकांबरोबर हे चालवलं. २०१८ च्या डिसेंबरात २१ पक्षी सोफिया नावाच्या दुसऱ्या सरोवरात सोडले. ते सरोवर उथळ आहे, म्हणूनच निवडलं. सोडण्याआधी तरंगत्या पिंजऱ्यांत ठेवले होते. ते पिंजरे सॅमन माशांच्या शेतीत वापरतात त्या धर्तीचे, स्कॉटलंडहून मागवलेले. त्यातच उडायला, बुडायला आणि आजूबाजूचं पाणी ओळखायला शिकले.

फक्त पक्षी सोडून भागत नाही. सोफियाच्या काठच्या लोकांची भातशेती आणि मासेमारी त्याच पाण्यावर. त्यामुळे कामाचा मोठा भाग शेती आणि जाळी यांच्याशी आहे, बदकांशी कमी.

रिकामटेकडा

एवढं सगळं झालं, पण घोरपडीने बदक खाल्लं की नाही ते सांगा ना कुणीतरी. कोमोडो राहू दे, दुसरी चालेल.

उपद्व्यापी

पाणघोरपड घ्या. लांबीत कोमोडोच्या खालोखाल ज्या घोरपडी येतात त्यांतली ही एक, श्रीलंकेपासून इंडोनेशियापर्यंत पसरलेली, उत्तम पोहणारी आणि बुडणारी. अंडी, पिल्लं, आजारी किंवा जखमी पाणपक्षी तिला चालतात. धडधाकट शेंडी बदक मात्र तिच्या हाती लागणं कठीण. दिवसाउजेडी ते मोकळ्या पाण्याच्या मध्यावर, थव्यात असतं.

बदकाचे दोन कच्चे काळ असतात. एक अंडी-पिल्लांचा. दुसरा पीस झडण्याचा: ही बदकं उड्डाणाची सगळी पिसं एकदम टाकतात आणि तीन-चार आठवडे उडूच शकत नाहीत. शेंडी बदकाचे हे दोन्ही काळ उत्तरेकडे जातात, जिथे घोरपड नावाचा प्राणीच नाही. घोरपडीच्या मुलखात ते येतं ते उडण्याजोगं होऊनच.

ताम्रपट

'प्राणीच नाही' हे फार सरसकट झालं. वाळवंटी घोरपड तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान करत दक्षिण कझाकस्तानपर्यंत आहे, आणि मोठी लालसरी त्याच पट्ट्यात वीण करते. घोरपड वाळूत आणि बदक लव्हाळ्यांच्या दाटीत, म्हणून गाठ क्वचित पडत असेल, पण सरोवराचा काठ आटून कोरडा पडला की मधलं अंतर फार उरत नाही. जमिनीवरच्या पक्ष्यांची अंडी ती खातेच.

उपद्व्यापी

ती फार तर दीड मीटरची. धागा महाकाय घोरपडीचा आहे.

रिकामटेकडा

अंडं खायला दीड मीटर पुरे.